परतूरचा पायलट

२ जून १९४६, रविवार. दुपार.
आजपासून रोजनिशी. वही रेल्वेची आहे, पण मागची पानं कोरी होती, त्यामुळे कोणाचं नुकसान नाही.

कारण असं की स्टेशनमास्तरसाहेबांच्या वर्तमानपत्रात जाहिरात आली आहे. हैदराबादेत नवी विमान कंपनी निघाली, पायलट पाहिजेत. तिच्याच खाली मुंबईच्या एका कंपनीची जाहिरात. मी परतूर स्टेशनचा तारबाबू, वय अठ्ठावीस, नजर साफ, बोटं चपळ. दिवसभर कट्ट-कडकट्ट करून लोकांचे निरोप मद्रास-मुंबईला पोचवतो आणि स्वतः मात्र सहा वर्षांत जालना ते सेलू यांच्या बाहेर गेलो नाही. हे बदलायचं. पायलट व्हायचं हे ठरलं. कोणत्या कंपनीला हो म्हणायचं, एवढंच बाकी.

३ जून, सोमवार.
काम सुचलं नाही. विमानं दोन तऱ्हेची. मोठं डाकोटा, एकवीस उतारू, पगार आठशेच्या घरात. छोटं, चार-पाच उतारू, पगार पाचशे. मोठ्यात मान आहे पण मुक्काम बाहेर, आज मद्रास तर उद्या दिल्ली. छोट्यात संध्याकाळी जेवायला घरी. आठशे घेऊन हॉटेलात जेवायचं की पाचशे घेऊन घरी, हा खरा प्रश्न. सध्याचा पगार पंचेचाळीस हाली, म्हणजे निजामी रुपये, हा मुद्दा इथे गैरलागू.

बायकोला, द्वारकाला, विचारलं. म्हणाली, आधी जळतन आणा, चूल विझून राह्यली.

९ जून, रविवार.
अर्जात उड्डाणाचे तास किती झाले तेही लिहायचं आहे. सुदैवाने माझे झालेले आहेत. त्रेचाळीस साली, लढाईच्या दिवसांत, लष्कराचं एक विमान पेट्रोल संपून परतूरच्या शिवारात उतरलं होतं. गोरा साहेब तार करायला स्टेशनात आला आणि मास्तरसाहेबांकडे चहाला बसला. विमानाच्या राखणीला मला पाठवलं. साडेतीन तास पायलटच्या खुर्चीवर होतो. दांडा हलवून पाहिला. शेपूट हललं. बाकीचं विमान हललं नाही, पण पेट्रोल नव्हतं, यात माझा दोष काय?

अर्जात साडेतीन तास लिहिले. लायसन नंबर विचारला होता, तिथे सायकलच्या पितळी बिल्ल्याचा नंबर घातला. जालना नगरपालिकेचा आहे, खोटा नाही.

१० जून, सोमवार.
अर्ज दोन्ही कंपन्यांना रवाना. सोबत थोडी चौकशी: पगार इंग्रजी कलदार रुपयांत मिळेल की हालीत, मोठं विमान चालवणाऱ्याला क्वार्टरही मोठं असतं का, आणि पोळ्याला रजा मिळते की नाही. माणसाने सुरुवातीलाच स्पष्ट असावं. डाकोटाबद्दल कळवलं की माझं मन अजून ठरलेलं नाही, त्यांनी घाई करू नये.

२१ जून, शुक्रवार.
मास्तरसाहेबांनी बोलावून घेतलं. असिस्टंट मास्तरची परीक्षा आहे, १८ ऑगस्टला जालन्यात. जागा जालन्याचीच. नियमांचं जाड पुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाले, इम्तिहान को बैठ जाव मियां, बीबी का बी सोचो. मी पुस्तक घेतलं. वजन दीड शेर तरी असेल.

द्वारकाला कुठून तरी कळलं. मी घरी जाईपर्यंत तिने दिवा पुसून ठेवला होता, अभ्यासासाठी. म्हणाली, जालन्याला दवाखाना हाये, डाक्टरीणबाई हायेत, मला तिथं जायाचंय. तिला ऑक्टोबरात दिवस भरतात. तिची आई नाही, माहेर असून नसल्यासारखं. मागच्या खेपेला इथेच झालं होतं. सुईणीला आणायला माणूस गेला तो उशिरा आला. पोर एक दिवस होतं.

याबद्दल वहीत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. लिहिलं गेलं.

तिला म्हणालो, जालन्याचं काय घेऊन बसलीस, ऑक्टोबरपर्यंत आपण हैदराबादेत असू, तिथे जालन्याच्या दसपट मोठे दवाखाने. दिवा परत कोनाड्यात गेला.

१ जुलै, सोमवार.
आजपासून कार्यक्रम. पहाटे उठणे. गार पाण्याने डोळे धुणे. अर्धा तास नियमांचं पुस्तक, अर्धा तास उंचीचा सराव. दोन्ही दगडांवर पाय ठेवण्यात वाईट काही नाही.

२ जुलै, मंगळवार.
उठायला साडेसात झाले. उद्यापासून.

७ जुलै, रविवार.
उंचीचा सराव सुरू. इंजिनात पाणी भरतात त्या टाकीच्या शिडीवर चढलो. वर उत्तम वाटलं. पार घनसावंगीकडचा उसाचा हिरवा पट्टा दिसला. मग खाली पाहिलं.

पार्सल क्लार्क रखमाजीने उतरवून घेतलं. एकेक पाय धरून पायरीवर ठेवत होता आणि म्हणत होता, तारबाबू, डोळे झाकू नका, अन् माझी टोपी सोडा. सगळा फलाट बघत होता. विमानात उतरायचं काम यंत्र करतं, त्यामुळे हा सराव पायलटला तसा लागू नाही. बंद केला.

१४ जुलै, रविवार.
रखमाजीने संकोचत विचारलं, ते पुस्तक तुम्ही वाचून राह्यले का, न्हाई तर मला चार दिस द्या. रखमाजी मेंढरं राखणाऱ्या घरातला. ओठ हलवत वाचतो, एका पानाला एक मालगाडी जाते. मी त्याला म्हणालो, चार दिवस कशाला, ठेव तुझ्याकडेच. तो दोन्ही हातांनी घेऊन गेला. बिचाऱ्याला तेवढंच समाधान.

मी सतरा पानं वाचली होती. सगळी सिग्नलच्या रंगांवर. रंग मला येतात.

२८ जुलै, रविवार.
परीक्षेच्या अर्जाची मुदत बुधवारी संपते. भरावा का? विचार केला. भरला, पास झालो, जालन्याला नेमणूक झाली आणि त्याच आठवड्यात कंपनीचं बोलावणं आलं तर रेल्वेला तोंडघशी पाडल्यासारखं होईल. मास्तरसाहेब चांगले गृहस्थ आहेत. त्यांना अडचणीत आणणं माझ्या स्वभावात नाही.

द्वारका राजूरला जायचं म्हणत होती, गणपतीला नवस बोलायला. बैलगाडीने या अवस्थेत धक्के बसतील म्हणून मी नको म्हणालो. डोक्यावरून विमानानेच नेईन, वरून दर्शन घे, असंही म्हणालो. हसवायचा हेतू होता. ती म्हणाली, नवस खालूनच बोलतेत.

३१ जुलै, बुधवार.
अर्ज भरला नाही. भरणारच होतो, पण दुपारी तारेचं काम फार होतं. एकूण चार तारा.

७ ऑगस्ट, बुधवार.
उत्तर आलं. हैदराबादच्या कंपनीचं छापील कार्ड: आपला अर्ज पोचला, योग्य वेळी विचार होईल. विचार होणार नाही असं कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय 'योग्य वेळी' म्हणजे वेळ त्यांनी मनात धरलेली आहे. मुंबईचं काहीच नाही. मुंबई बाद.

कार्ड मास्तरसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, उलटून पाहिलं, म्हणाले, अच्छा कागद हय. कार्डबद्दल एवढंच. कापसाच्या जिनिंगमधल्या मेकॅनिककडून पायलट लावतात तसा मोठा चष्मा मागून ठेवला.

रात्रीच्या जेवणाला द्वारकाने विचारलं, यात पगार कुठं लिव्हलाय. लिहिलेला नाही हे खरं आहे. तिचं लक्ष नेमकं नसलेल्या गोष्टीवर जातं.

१८ ऑगस्ट, रविवार.
रखमाजी सकाळच्या गाडीने परीक्षेला गेला. धुतलेलं धोतर, कपाळाला बुक्का. मी निरोप द्यायला फलाटावर होतो. त्याला म्हणालो, न घाबरता लिही, नापास झालास तरी पार्सल आहेच. तो म्हणाला, तुमच्या पुस्तकानं लई आधार झाला. मन मोठं असलं की असं कोणाच्या तरी उपयोगी पडता येतं.

दिवसभर करमलं नाही. तारयंत्रापाशी बसलो, उठलो, पाणी प्यालो, पुन्हा बसलो. डाकोटा की छोटं, अजून ठरत नाही. आता छोट्याकडे कल आहे. मूल होणार म्हटल्यावर बापाने संध्याकाळी घरी असावं.

१२ सप्टेंबर, गुरुवार.
परीक्षेचा निकाल तारेने आला, म्हणजे मीच घेतला. कट्ट-कडकट्ट. रखमाजीचं नाव उतरवून घेताना बोट एकदा अडखळलं. त्याच्या नावाचं स्पेलिंग अवघड आहे.

रखमाजी पास. जालन्याला असिस्टंट मास्तर, पंधरा दिवसांत हजर व्हायचं. मास्तरसाहेबांनी त्याला मिठी मारली. मीही मारली. घरी गेल्यावर द्वारकाला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. सूप थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. भांडली असती तर बरं झालं असतं. माझ्याजवळ सगळी उत्तरं तयार होती.

२० सप्टेंबर, शुक्रवार.
रखमाजीचं बिऱ्हाड हललं. त्याची बायको चतुराबाई द्वारकाचा हात धरून म्हणाली, माझ्याकडं या बाई, दवाखाना क्वार्टराच्या मागंच हाये, तुमचं बाळतपण आपल्या घरूनच करू. मी मध्ये पडून सांगितलं की सोय झालेली आहे. चतुराबाईने विचारलं, कुठं? मी म्हणालो, कळेलच. गाडी सुटली म्हणून बरं.

मला राग आला आहे. कोणाचा ते नीट सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार.
दुपारी वादळ. विजा. परतूर आणि रांजणी यांच्यामधले तारेचे खांब आडवे झाले. जालन्याच्या दिशेचं आमचं यंत्र मुकं, सेलूच्या दिशेचं चालू. मास्तरसाहेब ट्रॉलीवर बसून नुकसान पाहायला गेले. मी स्टेशनात एकटा.

२७ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी ३.
घाईत लिहितो आहे. अक्षर वाईट येईल.

दोन वाजून दहा मिनिटांनी सेलूकडून यंत्र वाजलं. रेल्वेच्या सिकंदराबादच्या ऑफिसची तार. परतूरचे तारबाबू बद्रीनाथ यांनी उद्या सकाळपासून रांजणी येथे पायलट म्हणून काम करावे.

दोनदा परत पाठवायला लावली. दोन्ही वेळा पायलट.

सगळं लक्षात आलं. कंपनीने थेट मला न लिहिता रेल्वेकडे मागणी केली, कारण मी रेल्वेचा माणूस. रीतसर आहे. रांजणीजवळ सपाट रान आहे, विमान तिथेच उतरणार. वादळात तारा तुटल्या म्हणून जालन्याकडून टपाल विमानाने आणणार असतील. आकाराबद्दल तारेत काही नाही. रांजणीचं रान पाहता छोटंच असावं. माझी निवडही तीच होती.

संध्याकाळ.
पेढे वाटले. द्वारकाने एक घेतला आणि माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, खरंच लागली का? मी तारेचा कागद दाखवला. तिला इंग्रजी येत नाही, पण कागदाला तिने हात लावून पाहिला. मग रडली. म्हणाली, मला वाटलं तुम्ही नुसतंच बोलून राह्यले, मी लई वाईट विचार केले तुमच्याबद्दल. मी म्हणालो, असू दे. तिने दृष्ट काढली.

मला फार बरं वाटलं. इतकं बरं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

२८ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११, रांजणी.
लोकरी कोट, मफलर आणि मेकॅनिकचा चष्मा घालून सहा वाजता परतूर स्टेशनात हजर झालो. मास्तरसाहेब रात्री परतले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग टेबलाच्या खणातून एक लाल पट्टी काढली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत पायलट, आणि माझ्या दंडाला बांधली.

मी विचारलं, विमान किती वाजता येतंय.

मास्तरसाहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, बैठो मियां, पैले चाय पियो.

चहा पिताना त्यांनी समजावलं. आमची लाइन एकेरी. दोन स्टेशनांमधली यंत्रं बंद पडली की समोरासमोर दोन गाड्या येण्याची भीती. म्हणून एक माणूस नेमतात. तो लाल पट्टी बांधून प्रत्येक गाडीच्या इंजिनावर बसतो, पुढच्या स्टेशनपर्यंत पोचवतो, उलट गाडीने परत येतो. तो बरोबर नसेल तर गाडी सुटतच नाही. माणूस एकच असल्यामुळे दोन गाड्या एकाच वेळी वाटेत असूच शकत नाहीत. त्या माणसाला पायलट म्हणतात. नियमांच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे, म्हणाले, तुमने पढा होगा.

मी हो म्हणालो.

चष्मा कोटाच्या खिशात ठेवला.

दुपारी ४, परतूर.
आतापर्यंत चार फेऱ्या. वेग ताशी दहा मैल, त्याहून जास्त बंदी आहे. मालगाडीचं इंजिन मोठं, पॅसेंजरचं छोटं. मोठ्यात बसायला जागा बरी पण धग फार. छोट्यात धग कमी पण कोळशाची भुकटी डोळ्यांत जाते. भत्ता दोन्हींना सारखाच.

तसं पाहिलं तर या दोन स्टेशनांमध्ये माझ्याशिवाय काही हलू शकत नाही. ही लहान जबाबदारी नव्हे. रात्री घरी हे द्वारकाला सांगितलं पाहिजे.

रात्री ९.
सांगितलं. पट्टीही दाखवली. तिने ती हातात धरली आणि विचारलं, म्हंजे हैदराबाद न्हाई? मी म्हणालो, सध्या नाही. तिने पट्टीची घडी करून माझ्या कोटावर ठेवली. मग कोपऱ्यातलं लुगडं काढून बोचकं बांधायला बसली. मी विचारलं, हे काय. म्हणाली, चतुराबाईकडं चालले, सकाळच्या गाडीनं. शेजारच्या सुगंधाबाई सोबत येऊन राह्यल्या. मी म्हणालो, अजून दिवस आहेत, घाई कशाला. ती म्हणाली, मागल्या खेपेला बी तुम्ही हेच म्हणले व्हते, अन् मी ऐकलं.

तिचा आवाज चढला नाही. मी कंदिलाची वात उगीच वरखाली केली.

२९ सप्टेंबर, रविवार. सकाळी ९, रांजणी.
परतूरहून सकाळची पॅसेंजर घेऊन निघालो. मी इंजिनावर, पट्टी बांधून. द्वारका तिसऱ्या डब्यात, बायकांच्यात. फलाटावर मी तिचं बोचकं चढवून दिलं, तिने पायरीवर पाय ठेवताना माझ्या खांद्याचा आधार घेतला, तेवढंच. मग मास्तरसाहेबांनी हिरवं निशाण दाखवलं आणि मला पळत पुढे जावं लागलं.

इतकी सावकाश गाडी मी कधी पाहिली नव्हती. पडलेल्या खांबांजवळ ड्रायव्हर आणखी सावकाश झाला. मी त्याला म्हणालो, धक्का देऊ नका, गाडीत अवघडलेली बाई आहे. तो म्हणाला, कोण हाय तुमची? मी म्हणालो, बायको. सगळी वाट पुढे बघायचं सोडून मागे तिसऱ्या डब्याकडेच पाहत होतो.

रांजणीला मला उतरावं लागलं. पुढे जालन्यापर्यंत यंत्रं चालू आहेत, पायलटचं काम नाही, आणि मी गेलो तर इकडच्या सगळ्या गाड्या अडकतील. तिसऱ्या डब्यापाशी गेलो. द्वारका खिडकीशी होती. मी म्हणालो, मला तुझ्यासोबत यायचं होतं. ती म्हणाली, मंग परीक्षेला बसायचं व्हतं. तोडून नाही बोलली. गजातून हात काढून माझ्या गालाची भुकटी पदराने पुसली. म्हणाली, तुम्ही जेवत जा येळेवर. मी म्हणालो, मला भीती वाटते. ती म्हणाली, मला बी वाटून राह्यली.

गाडी गेली.

रांजणीच्या मास्तरांकडून कागद मागून रजेचा अर्ज लिहिला. तो परतूरला द्यायचा, तिथून तारेने सिकंदराबादला जाणार. परतूरला तो घेऊन जाणारही मीच. परतीची मालगाडी दोन तासांनी आहे.

जालन्याची तार रांजणीपर्यंत येते. पुढे खांब पडलेले. म्हणजे तिकडे काही झालं तर निरोप इथे या खोलीत येऊन थांबणार, आणि मी तेव्हा इथे असेन की परतूरला, की मधल्या रानात एखाद्या इंजिनावर, ते सांगता येत नाही. आजवर लोकांचे जन्म-मृत्यू मीच उतरवून घेतले, घरी नेऊन दिले, दोन आणे बक्षीस घेतलं.

इथल्या तारबाबूला विचारलं, जालन्याहून काही आलं का. तो म्हणाला, बाबू, गाडी अजून पुढल्या पारडगावला बी पोचली नसंल. बरोबर आहे. पाव तासाने पुन्हा विचारलं.